३५ वा आठवडा, बॅग भरून झाली, पण तयारी नेमकी कशाची करायची?

पहिलटकरीण

नमस्कार, पहिलंच बाळंतपण आहे, ३५ वा आठवडा लागलाय. बीपी, शुगर ठीक, मागच्या सोनोग्राफीत बाळाचं डोकं खाली आहे म्हणाले. बॅग भरून झाली, बाळाचे कपडे दोनदा धुऊन झाले, आता हाताला काही काम नाही म्हणून रात्री मोबाईलवर वाचत बसते आणि मग झोप उडते. एक बाई म्हणते श्वास नीट घेतला की दुखतच नाही, दुसरी असं काही वर्णन करते की वाटतं उद्याच जाऊन सीझर करून घ्यावं.

ज्यांचं झालंय त्यांनी खरं खरं सांगा. कळा खऱ्या आहेत हे कळतं कसं आणि घरातून निघायचं कधी, लवकर गेलं तर परत पाठवतात म्हणे आणि उशिरा निघालो तर रस्त्यातच होईल अशी भीती. एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करायला कंबरेत देतात ते इंजेक्शन, घ्यावं का, सासूबाई म्हणतात त्याने जन्मभराची कंबर जाते. टाके पडतातच का. आणि सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे नंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत माझ्या शरीराचं काय होणार आहे ते कोणी बोलतच नाही, सगळ्या जणी "बाळाचं तोंड बघितलंस की विसरशील" इथे येऊन थांबतात. विसरायचं ते नंतर बघू, आधी काय होणार ते तरी कळू दे ना.

नवरा सोबत असणार आहे. घाबरट आहे पण सांगितलेलं ऐकतो. त्याला काय कामाला लावू?

सानूची_आई

अगं आधी मोबाईल ठेव बाजूला 😄 रात्रीचं वाचणं बंद, सगळे भयंकर किस्से रात्रीच सापडतात.

कळांबद्दल वॉर्डातलं कोणी सांगेलच, मी एवढंच सांगते की पहिल्या कळेला घरभर धावपळ करू नकोस. माझ्या कळा संध्याकाळी सुरू झाल्या, मी उत्साहात रात्रभर जागून मोबाईलवर मिनिटं मोजत बसले आणि खरं जोर लावायचं काम आलं तेव्हा डोळे मिटत होते. रात्री सुरू झाल्या तर पडून राहा, दोन कळांच्या मध्ये डुलकी लागली तरी ती कमाई. दिवसा असतील तर नेहमीची कामं, सावकाश चालणं, कोमट पाण्याने अंघोळ, खाणंपिणं चालू. लघवीला दर दोन तासांनी जाऊन ये, भरलेली लघवीची पिशवी बाळाला खाली यायला आडवी येते आणि कळांच्या गडबडीत ते लक्षातच राहत नाही.

आणि "दुखतच नाही" म्हणणारीवर विश्वास ठेवू नकोस, तशीच "मरणच येतं" म्हणणारीवरही नको. दुखतं, भरपूर दुखतं, पण कळ म्हणजे सलग दुखणं नाही, एक मिनिट चढते, उतरते आणि मधले काही मिनिटं तू अगदी नॉर्मल असतेस, गप्पा मारू शकतेस. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं आणि हीच सगळ्यात कामाची माहिती होती.

रात्रपाळी

लेबर वॉर्डात बरीच वर्षं काढलीत त्यामुळे लांबेल, चालवून घे.

आधी तारखेचं. ४० आठवड्यांची जी तारीख दिलीय ती अंदाजाची, नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळं शंभरात चार-पाच. ३७ ते ४२ मध्ये कधीही होऊ शकतं. तारीख उलटली की "अजून नाही का?" असे फोन सुरू होतात, ते नवऱ्याने घ्यायचे, हे त्याचं पहिलं काम. ४१ पूर्ण झाले की मात्र डॉक्टर कळा आणण्याबद्दल बोलतील, ते घाई म्हणून नाही, त्यापुढे बाळाचा धोका हळूहळू वाढत जातो म्हणून.

आता कळा. शेवटच्या महिन्यात पोट मधूनच घट्ट होतं आणि सुटतं, त्या सरावाच्या. कूस बदलली, चाललं, पाणी प्यायलं की विरून जातात. खऱ्या कळा कशानेच थांबत नाहीत, मधलं अंतर कमी होत जातं आणि प्रत्येक कळ आधीचीपेक्षा लांब आणि जोरकस होते. कळ चालू असताना बोलणं तोडावं लागतं, वाक्य पुरं होत नाही, हा माझा आवडता निकष आहे, घड्याळापेक्षा खरा. फोनवर बोलणाऱ्या बाईचा आवाज ऐकूनच आम्हाला अर्धं कळतं.

घड्याळाचंच हवं असेल तर पहिलटकरणीला साधारण असं सांगतात: दर ५ मिनिटांनी कळ, प्रत्येक कळ १ मिनिटाची, आणि हे १ तास टिकून आहे, की निघा. घर लांब असेल किंवा डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐकायचं.

लवकर आलेल्यांना परत का पाठवतात तेही समजून घे. गर्भपिशवीचं तोंड आधी मऊ होतं, पातळ होतं आणि मग उघडतं. ५ सेंटीमीटरपर्यंतचा टप्पा पहिल्या खेपेला किती वेळ घेईल याला काही नियम नाही, अख्खा दिवस जाऊ शकतो, मध्येच थांबूनही जातं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शनात जोरकस टप्पा ५ सेंटीमीटरपासून धरलाय, तिथून पूर्ण १० होईपर्यंत पहिल्या वेळी साधारण १२ तासांपर्यंत लागू शकतात, आणि प्रत्येकीचं तासाला १ सेंटीमीटर उघडलंच पाहिजे हा जुना हिशोब सरसकट लावू नका असं स्पष्ट म्हटलंय. त्यामुळे तपासून कोणी "दोनच" म्हणालं तर रडू नकोस. तोंड पातळ होणं हेही काम झालेलंच असतं, फक्त ते सेंटीमीटरमध्ये दिसत नाही.

आता ज्याला थांबायचंच नाही ते. पाणी गेलं तर, कळा असोत नसोत, लगेच फोन. पाणी हिरवं किंवा तपकिरी असेल तर फोन करता करता निघायचंच, बाळाने आत शी केलेली असू शकते. लालसर चिकट स्राव थोडासा गेला तर घाबरायचं नाही, तो तोंडावरचा चिकट पडदा सुटतो, पण पाळीसारखं लाल रक्त जायला लागलं तर निघायचं. डोकं ठणकतंय आणि डोळ्यांसमोर चमकतंय, किंवा बरगडीखाली जोरात दुखतंय, किंवा चेहरा अचानक सुजलाय, तर बीपी तपासायला लगेच. ३७ च्या आत नियमित कळा आल्या तर घरी वाट बघायची नाही. आणि बाळाची हालचाल. "शेवटी जागा नसते म्हणून बाळ कमी हलतं" हे सगळीकडे ऐकशील, ते खरं नाही. हलण्याची पद्धत बदलते, जोराच्या लाथांऐवजी लोळल्यासारखं वाटतं, पण प्रमाण कमी व्हायला नको. कमी वाटलं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोनला आलीस तरी आम्ही वैतागत नाही, खरंच नाही.

मधुमालती

एपिड्युरलबद्दल मी लिहिते कारण मी दोन्ही केलंय, पहिलं बाळ बिनइंजेक्शनचं आणि दुसऱ्या वेळी घेतलं. पहिल्या वेळी जमलं कारण सगळं भराभर झालं. दुसऱ्या वेळी बाळ पाठीकडून फिरलेलं होतं, सगळ्या कळा कंबरेत, आणि मी घेतलं, वीसेक मिनिटांत माणसात आले, झोपले सुद्धा. यात कोणी मोठं नाही आणि कोणी लहान नाही.

पण एक, इंजेक्शन घेतल्यावर कंबर मात्र दुखते हं, माझी वर्षभर दुखत होती. त्यामुळे सासूबाई अगदीच चुकीचं म्हणत नाहीत.

रात्रपाळी

मधुमालतीताई, कंबर दुखली यात शंका नाही, पण ती इंजेक्शनमुळेच असं म्हणता येत नाही. ज्यांनी घेतलं आणि ज्यांनी नाही घेतलं अशा बायकांची तुलना झालेली आहे, लांब टिकणारी कंबरदुखी दोन्हीकडे सारखीच निघते. सुई टोचली तिथे काही दिवस दुखरं राहतं एवढंच. नऊ महिने पोट पुढे, सांधे सैल झालेले आणि नंतर दिवसभर वाकून बाळाला पाजायचं, कंबर दुखायला याहून जास्त काय लागतं.

खरे तोटे वेगळे आहेत आणि ते आधीच माहीत असलेले बरे. बीपी खाली येऊ शकतं म्हणून सलाईन आणि सतत लक्ष. पाय जड होतात त्यामुळे बहुतेक ठिकाणी चालता येत नाही, लघवीला नळी घालावी लागू शकते. अंगाला खाज किंवा थोडा ताप येऊ शकतो. जोर लावण्याचा टप्पा लांबू शकतो. साधारण शंभरात एकीला किंवा त्याहून कमी जणींना नंतर जोरात डोकं दुखतं, बसलं की वाढतं आणि आडवं झालं की कमी, त्यावर उपचार आहे, सांगायचं मात्र लगेच. आणि सीझरची शक्यता त्यामुळे वाढते असं जे म्हणतात तसं दिसलेलं नाही. रक्त पातळ व्हायची औषधं चालू असतील किंवा प्लेटलेट कमी असतील तर देता येत नाही, म्हणून आत्ताच्या भेटीत विचारून ठेव की तिथे ते मिळतं का, रात्री भूलतज्ज्ञ असतात का. कळा सुरू झाल्यावर हे विचारण्यात अर्थ नाही.

काही ठिकाणी मास्कमधून ओढायचा गॅस असतो, तो कळेपुरता धार कमी करतो. दंडात किंवा मांडीत द्यायची इंजेक्शनंही असतात, पण त्याने तू आणि बाळ दोघंही गुंगीत जाऊ शकता, म्हणून जन्म जवळ आला की देत नाहीत.

चष्मेवाला_बाबा

ताई, नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, मीही घाबरटच, इंजेक्शनची सुई बघून मान फिरवणारा.

आधी विचारून घ्या की आत येऊ देतात का, किती जणांना आणि कोणत्या टप्प्यापर्यंत. सोबत सतत एक ओळखीचं माणूस असलं तर सीझर कमी होतात, वेदनेची औषधं कमी लागतात असं अभ्यासात दिसलंय असं आम्हाला वर्गात सांगितलं होतं, म्हणजे नुसतं उभं राहणं हेही काम आहे. नुसतं म्हणजे मोबाईल न बघता.

तिथे माझं काम काय होतं तर कंबरेच्या खाली, माकडहाडाच्या वर तळहाताने दाबून धरायचं, कळ येते तेव्हा जोरात आणि ती म्हणेपर्यंत सोडायचं नाही. हात भरून येतात, कुरकुर करायची नाही. प्रत्येक कळ गेली की एक घोट पाणी. "खांदे सोड, जबडा सोड" एवढंच बोलायचं, बाकी प्रवचन नको, मी "छान चाललंय" म्हणालो तर मला गप्प बस म्हणून सांगण्यात आलं 😅 शेवटी शेवटी, पूर्ण उघडायच्या जरा आधी, बाई थरथरते, उलटी होते, "मला नाही जमणार, घरी जाऊया" म्हणते. माहीत नसेल तर नवऱ्याची तंतरते. खरं तर ते जवळ आल्याचं लक्षण असतं.

आणि डॉक्टर काही सुचवतात तेव्हा ती कळेत असते, तिला धड ऐकू येत नाही. तेव्हा आम्ही विचारायचं: घाई आहे का, नाही केलं तर काय होईल, दुसरा काही मार्ग आहे का, पाच मिनिटं मिळतील का. भांडायला नाही, समजून घ्यायला. खरंच घाई असेल तर ते सांगतातच आणि मग बाजूला व्हायचं.

पहिलटकरीण

बापरे, एवढं सगळं! धन्यवाद सगळ्यांना. नवऱ्याला वाचायला दिलं, तो "माकडहाड कुठे असतं" विचारतोय, प्रगती आहे.

दोन गोष्टी राहिल्या. टाक्यांचं कोणी लिहिलं नाही. आणि आयत्या वेळी सीझर झालं तर? मी त्याचा विचारच करत नव्हते, पण मैत्रिणीचं तसंच झालं आणि ती म्हणते मला काहीच माहीत नव्हतं.

रात्रपाळी

टाके. खोटं सांगत नाही, पहिल्या वेळी दहापैकी आठ-नऊ जणींना काहीतरी खरचटतं किंवा फाटतं. बहुतेकदा किरकोळ, काहींना टाक्याचीही गरज नसते. मागपर्यंत जाणारी मोठी फाट कमी जणींना होते. पूर्वीसारखं प्रत्येक पहिलटकरणीला कापायचंच असं आता करू नये असं सांगितलं जातं, कारण असेल तर करतात, त्यामुळे "इथे सगळ्यांना करता का" हा प्रश्न विचारायला लाजू नकोस.

तू आत्ता करू शकतेस असं एक आहे. ३५ व्या आठवड्यापासून योनीच्या खालच्या भागाचा मसाज. हात धुऊन, नखं कापून, साधं बिनवासाचं तेल लावून अंगठे साधारण दोन-अडीच सेंटीमीटर आत, मग खाली आणि बाजूला हलकं ताणून धरायचं, चरचरेपर्यंत, दुखेपर्यंत नाही. पाच-दहा मिनिटं, आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. पहिलटकरणींमध्ये याने टाके लागण्याचं प्रमाण कमी झालेलं दिसलंय. पाणी गेलं असेल, जंतुसंसर्ग असेल किंवा वार (प्लॅसेंटा) खाली असेल तर करायचा नाही. पोट आडवं येतं, आरशाशिवाय जमत नाही, विनोदी प्रकार आहे एकूण.

प्रसूतीच्या वेळी गरम पाण्यात पिळलेलं कापड तिथे धरलं की मोठी फाट कमी होते, ते नर्सला सांगून ठेव. आणि डोकं बाहेर येत असताना चरचरून आग होते, तेव्हा "जोर थांबव, फुंकर मार" सांगतील, नेमकं तेव्हाच जोर लावावासा वाटतो. ती एक-दोन मिनिटं ऐकलंस तर खाली फायदा होतो. त्याआधी पाठीवर आडवंच पडायला पाहिजे असं काही नाही, कुशीवर, गुडघ्यांवर, बसून, जसं झेपेल तसं. सरळ राहून, चालत फिरत राहिलं तर पहिला टप्पा तासाभराने तरी कमी होतो असं दिसलंय.

उभा_टाका

सीझरचं मी सांगते, आयत्या वेळी झालेलं. बाळाचे ठोके खाली जायला लागले आणि पंधरा मिनिटांत टेबलवर.

आत काय होतं ते: कमरेत भूल, जागीच असतेस, छातीपर्यंत बधीर, दुखत नाही पण ओढाताण कळते, आतून कोणी सामान हलवतंय असं वाटतं, त्याने दचकू नकोस. बाळ पहिल्या पाच-दहा मिनिटांत बाहेर येतं, उरलेला वेळ शिवण्यात जातो. अंग थडथडा उडतं, ते भुलीचं. मुलाला गालाशी आणून द्या, छातीवर ठेवा असं सांगता येतं, बाळ आणि मी ठीक असलो तर बरेच जण देतात.

नंतरचं मैत्रिणीला कोणी सांगितलं नसेल ते हे की सीझर झालं तरी खालून रक्त जातंच, पॅड लागतातच. खांदा दुखतो, पोटातल्या हवेमुळे, मला वाटलं हृदयाचं काही झालं. पहिल्यांदा उठताना सरळ उठून बसायचं नाही, कुशीवर वळून पाय खाली सोडून हाताच्या जोरावर. खोकला, शिंक, हसू आलं की उशी टाक्यावर दाबून धरायची. गोळ्या दुखायला लागल्यावर नाही, वेळेवर घ्यायच्या, "मी सहन करते" याला बक्षीस नाही, उलट दुखतंय म्हणून पडून राहिलीस तर पायात रक्ताची गाठ व्हायची भीती. पडल्या पडल्या सुद्धा पावलं वर-खाली हलवत राहायची. सहा आठवडे बाळाहून जड काही उचलायचं नाही. टाक्यातून पाणी किंवा पू, आजूबाजूला लाल आणि गरम, ताप, यातलं काही दिसलं तर दाखवायचं. टाक्याच्या वरचा भाग कित्येक महिने बधीर राहतो, तेही नॉर्मल.

बर्थ प्लॅन, म्हणजे प्रसूतीत काय हवं-नको त्याचा कागद वगैरे लिहू नकोस असं माझं मत, लिहिलेलं मोडलं की जास्त वाईट वाटतं.

सानूची_आई

उभा टाका, नाही पटलं. एका पानावर लिहायचं, त्यात "सीझर लागलं तर" असाही एक परिच्छेद ठेवायचा. माझ्यात तो होता म्हणून नाळ लगेच न कापता एखादं मिनिट तरी थांबा हे सांगता आलं, नाहीतर त्या क्षणी मला माझं नावही आठवत नव्हतं.

आता पहिल्या दोन आठवड्यांचं, तुझा मोठा प्रश्न.

अंगावरून जातं, पहिले तीन-चार दिवस पाळीपेक्षा जास्त आणि लाल, मग तपकिरी-गुलाबी, मग पिवळट, एकूण चार ते सहा आठवडे. झोपून उठलं की एकदम जास्त गेल्यासारखं वाटतं, साठलेलं असतं. जरा बरं वाटलं म्हणून काम काढलंस की पुन्हा लाल होतं, ते शरीराने दिलेलं बिल समज आणि आडवी हो. बाळाला पाजताना ओटीपोटात कळा येतात, गर्भपिशवी आकसत असते, दुसऱ्या बाळंतपणात त्या जास्त जाणवतात. पोट लगेच आत जात नाही, घरी येताना सहा महिन्यांचं दिसेल, कपडे त्या मापाचे ने.

पहिली लघवी सहा तासांच्या आत व्हायला हवी, नाही झाली तर सांग. चरचरतं, म्हणून लघवी करता करता वरून कोमट पाणी ओतत राहायचं, कागदाने पुसायचं नाही, टिपायचं. पहिल्या दिवशी कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं, नंतर कोमट पाण्यात बसणं. पहिल्या शौचाची भीती प्रसूतीपेक्षा जास्त असते, खरं सांगते, सगळ्यांनाच वाटतं टाके सुटतील. सुटत नाहीत. भरपूर पाणी, पायाखाली छोटं स्टूल, स्वच्छ पॅड पुढून टाक्यावर दाबून धरायचा, आणि शौच मऊ करायचं औषध डॉक्टरांकडून आधीच मागून ठेवायचं. रात्री घाम फुटून कपडे ओले होतात, साठलेलं पाणी शरीर बाहेर काढत असतं.

दूध. पहिले दोन-तीन दिवस घट्ट पिवळसर आणि थेंबांनी येतं, "दूधच नाही" असं घरातले म्हणायला लागतात आणि तूही घाबरतेस. तेवढंच लागतं त्याला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदम भरून येतं, छाती दगड होते. दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा पाजणं. ओले लंगोट मोजायचे, पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत सहाव्या दिवसापर्यंत सहा तरी, आणि काळी शी पिवळी व्हायला हवी. वजन आधी थोडं उतरतं, दहा टक्क्यांपर्यंत, आणि दोन आठवड्यांत परत जागेवर येतं. सुरुवातीला थोडं दुखरं वाटतं पण भेगा पडून रक्त येत असेल तर बाळ नीट लागलेलं नाही, कोणालातरी बसून बघायला सांग, दात खाऊन पाजू नकोस. आणि नाहीच जमलं, बाहेरचं दूध द्यावं लागलं, तर दे, त्यावरून कोणाचं ऐकून घेऊ नकोस.

नेमकं दूध भरतं त्याच दिवशी रडू येतं. कारण नसताना. पडदा हलला म्हणूनही.

शांत_झोपू_द्या

त्या रडण्याबद्दल थोडं. ते बहुतेक जणींना होतं आणि दोन आठवड्यांत जातं. माझं गेलं नाही. मला वाईटही वाटत नव्हतं, काहीच वाटत नव्हतं, बाळ झोपलेलं असताना मी छताकडे बघत जागी, आणि डोक्यात सारखं की हे बाळ माझ्याजवळ सुरक्षित नाही. घरच्यांना वाटलं थकवा. सहा आठवड्यांच्या तपासणीत त्यांनी दहा प्रश्नांचा कागद भरायला दिला, त्यात मला ओळखलं गेलं. दूध पाजताना चालणारी औषधं असतात, बोलायला माणूस असतो, मला काही महिन्यांत बरं वाटलं.

नवऱ्याला आत्ताच सांगून ठेव, दोन आठवड्यांनंतरही ती तशीच असेल तर तिला विचारत बसू नकोस, तूच अपॉइंटमेंट घे. आणि पहिल्याच आठवड्यांत बाई अजिबात झोपत नाही तरी दमलेली नाही, भलतंसलतं बोलतेय, कोणाचे आवाज ऐकू येतायत, तर ती वाट बघायची गोष्ट नाही, त्याच दिवशी दवाखाना आणि तोवर तिला बाळाबरोबर एकटीला ठेवायचं नाही. हे क्वचित होतं, हजारात एक-दोन, पण होतं.

रात्रपाळी

हे लिहिल्याबद्दल आभार.

घरी गेल्यावर कधी परत यायचं तेवढं मी पुरं करते, कारण बाळंतिणी येतात त्या उशिरा येतात, बाळाला सोडून कशी येऊ म्हणून. तासाभरात पूर्ण पॅड भिजतोय, किंवा लिंबाहून मोठ्या गाठी जातायत. ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर. स्रावाला घाण वास. एका पोटरीत दुखणं, सूज. श्वास लागणं, छातीत दुखणं. जोराची डोकेदुखी, अंधारी. बीपीचा त्रास बाळंतपणात नसला तरी नंतर सहा आठवड्यांपर्यंत नव्याने होऊ शकतो, हे डॉक्टरी पेशातल्या नसलेल्या जवळजवळ कोणालाच माहीत नसतं. बाळाचं म्हणाल तर पहिल्या २४ तासांतच पिवळं दिसणं, पाजायला उठतच नाही इतकं सुस्त असणं, ताप किंवा अंग गार पडणं, श्वास भरभर, यातलं काहीही.

आणि पहिल्या तपासणीपर्यंत सहा आठवडे कोणी बघणार नाही असं ठेवू नकोस. पहिल्या २४ तासांनंतर दोन-तीन दिवसांत एकदा आणि पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात एकदा आई आणि बाळ दोघांना बघितलं पाहिजे, तारखा डिस्चार्जच्या वेळीच मागून घे. गर्भनिरोधकाचंही तेव्हाच विचार, पाळी आली नसली तरी तीन आठवड्यांनंतर दिवस राहू शकतात.

पहिलटकरीण

हे सगळं प्रिंट काढून कपाटाच्या दाराला आतून लावतेय. एक शेवटचं. पाणी गेलं तर नक्की काय करू, पॅड लावून बसू की थेट गाडीत? आणि ते पाणी आहे की लघवी हे कसं ओळखायचं, आजकाल शिंकलं तरी होते 🙈

रात्रपाळी

लघवी करून ये, कोरडा पांढरा पॅड लाव, अर्धा तास चाल-फिर. पॅड पुन्हा भिजला, किंवा उभं राहिल्यावर धार लागली आणि लघवीचा वास नाही, तर पाणीच. रंग बघ, वेळ लिहून ठेव, वॉर्डात फोन कर, तिथे सांगतील तसं निघ. टॅम्पून किंवा काही आत घालायचं नाही, शरीरसंबंध नाही. रंग हिरवा-तपकिरी, रक्त, बाळ हलत नाही, किंवा खाली नाळ लागल्यासारखी वाटली तर अर्धा तास बिर्धा तास काही नाही. नाळ असेल तर गुडघे टेकून डोकं खाली, कंबर वर अशी ओणवी हो आणि ॲम्ब्युलन्स बोलव. बाळाचं डोकं नीट खाली बसलेलं असलं की असं सहसा होत नाही, म्हणून पुढच्या तपासणीत "डोकं फिक्स झालंय का" एवढं विचारून घे.